चलनी नोटांवरील राजकीय पुरुषांच्या स्वाक्षऱ्या : संग्रह व पारख

(१)

जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासांत सही, शिक्का व मोर्तब यांना केवढें महत्त्व आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. पेशवाईंतील पत्राचा मजकूर कारकुनाच्या हातचा असावा, शेवटचे दोन शब्द धन्यानें स्वदस्तुरानें घालावे, आणि 'लेखनसीमा' या अक्षरांचें मोर्तब उमटलें म्हणजे पत्र पुरें समजावें, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. अस्सल कोणतें, नक्कल कोणती व बनावट कोणतें, याचा निवाडा करतांना संशोधक मजकुराच्याही आधीं कागद, शाई, अक्षराचें वळण आणि मोर्तब पाहतो. हीच कसोटी एका अर्वाचीन कागदास लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तो कागद म्हणजे चलनी नोट होय.

राजकीय पुरुषांच्या सह्या असलेल्या दुर्मिळ नोटा जमविण्याचा नाद आतां आपल्याकडेही रुजला आहे. नाण्यांच्या संग्रहास अभ्यासाची जी शिस्त लागली, ती या नव्या संग्रहास अद्याप लागलेली नाहीं. नाण्यावरील लेख वाचावा लागतो; सही मात्र पाहतांक्षणीं ओळखली असें वाटतें, आणि येथेंच फसगतीस आरंभ होतो. म्हणून प्रथम भेद स्पष्ट केले पाहिजेत. नोटेवरील सही दोन प्रकारची असते. पहिली अधिकाराची. ती ठशांतून छापली जाते व एकाच वेळीं लाखों नोटांवर असते. दुसरी व्यक्तीची. ती नोट चलनांत आल्यावर कोणा थोर पुरुषानें स्वतःच्या हातानें केलेली असते व त्या एकाच नोटेवर असते. पहिलीची सत्यता नोटेच्या सत्यतेवर अवलंबून आहे. दुसरीची तशी नाहीं. नोट अस्सल आणि सही बनावट, हा प्रकार सहज संभवतो. या दोहोंचा विचार आम्ही क्रमानें करूं.

(२)

आपल्या देशांत कागदावर पैसा चालविण्याची कल्पना नवी नव्हे. सावकाराची हुंडी पुण्याहून काशीपर्यंत चालत असे, आणि ती चालण्याचें कारण तिच्यावरील अक्षर ओळखीचें असे हेंच होतें. परंतु हुंडी ही एका पेढीची दुसऱ्या पेढीवर असते. नोट ही कोणाही धारकास दिलेलें वचन असतें. एकोणिसाव्या शतकांत मुंबई, बंगाल व मद्रास या तीन इलाख्यांच्या बँकांनीं नोटा काढल्या. त्यांपैकीं मुंबईची बँक इ. स. १८४० मध्यें स्थापन झाली. तिच्या नोटांवर टाऊन हॉलचें चित्र आणि माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन व जॉन मालकम यांच्या प्रतिमा होत्या. ज्या एलफिन्स्टननें शनिवारवाड्यावरील सत्तेचा शेवट घडवून आणला, त्याचीच प्रतिमा पंचवीस वर्षांच्या आंत मुंबईच्या नोटेवर आली! राजकीय पुरुष व चलनी कागद यांचा संबंध महाराष्ट्रापुरता असा सुरू झाला.

इ. स. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारनें आपणांकडे घेतला. पुढें कित्येक वर्षें नोट ज्या चलन-मंडळाची, त्या मंडळांतच ती हक्कानें वटे. मुंबई मंडळाची नोट लाहोरास वटेलच असें नव्हतें. हें बंधन पांचाच्या नोटेपुरतें १९०३ मध्यें, दहा व पन्नास यांच्यापुरतें १९१० मध्यें आणि शंभरापुरतें १९११ मध्यें सुटलें. पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई पडली, तेव्हां ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं एक रुपयाची नोट निघाली व तिच्या मागोमाग अडीच रुपयांची नोट आली. १९२३ पासून पंचम जॉर्ज बादशहाच्या मुखवट्याच्या नव्या नोटा निघूं लागल्या. या सर्व नोटा परदेशांत छापून येत. १९२८ मध्यें नाशिक येथें नोटांचा छापखाना सुरू झाला आणि १९३२ पर्यंत सर्व किंमतींच्या नोटा तेथें छापल्या जाऊं लागल्या. येथवरच्या या सनावळ्या वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. हातच्या सह्यांची पारख करतांना त्यांचें काम पुढें पडणार आहे.

(३)

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजीं सुरू झाली. तिचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाहीं. कारण बँकेची स्वतःची पहिली नोट, पांच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्यें निघाली. तोंवर ते पायउतार होऊन सर जेम्स टेलर त्या जागीं आले होते. षष्ठ जॉर्जच्या या नोटांवर सन छापलेला नाहीं. म्हणून त्यांचा काळ ठरविण्याचें पहिलें साधन म्हणजे सही. टेलर यांची सही असेल तर नोट आधींची, चिंतामणराव देशमुखांची असेल तर नंतरची. शिवकालीन बिनतारखी पत्राचा काळ मुत्सद्द्याच्या शिक्क्यावरून ठरवावा, तशीच ही पद्धति आहे.

परंतु या साधनालाही मर्यादा आहे आणि ती दाखविणारें उदाहरण मोठें बोधप्रद आहे. टेलर हे १७ फेब्रुवारी १९४३ रोजीं अधिकारावर असतांनाच वारले. बँकेची दोन रुपयांची नोट प्रथम ३ मार्च १९४३ रोजीं, म्हणजे त्यानंतर दोन आठवड्यांनीं, चलनांत आली. आणि तिच्या आरंभींच्या नोटांवर सही टेलर यांचीच आहे. धारकास दोन रुपये देण्याचें वचन देणारा गृहस्थ वचन बाजारांत येण्यापूर्वींच निवर्तला होता. तरी एकाही नोटेचें मोल कमी झालें नाहीं. यावरून छापील सहीचें खरें स्वरूप कळतें. ती माणसाची नसून जागेची असते. माणूस मेला तरी जागा मरत नाहीं, म्हणून वचनही मरत नाहीं. आपल्याकडे छत्रपति वारले तरी शिक्का व मोर्तब गादीचें असे व कारभार चाले, त्यांतलें तत्त्व हेंच होय. संग्राहकानें एवढें ओळखलें म्हणजे 'अमक्याच्या सहीची नोट' याचा अर्थ 'अमक्याच्या हातची नोट' असा तो करणार नाहीं.

टेलर यांच्यानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजीं देशमुख गव्हर्नर झाले व ३० जून १९४९ पर्यंत त्या जागेवर होते. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर उमटलेली पहिली भारतीय सही त्यांची. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं महाडाहून रायगडास जातांना लागणाऱ्या नाते या गांवीं झाला. मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिला क्रमांक, संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति, केंब्रिज येथील शिक्षण, आय. सी. एस. परीक्षेंत पहिलें स्थान, मध्यप्रांत-वऱ्हाडांतील नोकरी आणि १९३९ मध्यें रिझर्व्ह बँकेंत प्रवेश, असा त्यांचा क्रम आहे. कालिदासाच्या मेघदूताचें मराठी रूपांतर करणाऱ्या या संस्कृतज्ञाची नोटेवरील सही मात्र इंग्रजी अक्षरांत आहे. ज्या सत्तेच्या नांवें ती सही होत होती, तिची खूण त्या अक्षरांतच राहून गेली आहे.

देशमुखांच्या सहीच्या नोटांत तीन टप्पे अभ्यसनीय आहेत. पहिला टप्पा युद्धकाळाचा. जपान्यांनीं हिंदी नोटांच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या कीं, राजाचा एका बाजूनें दिसणारा चेहरा काढून समोरून दिसणारा चेहरा घालणें भाग पडलें. म्हणून देशमुखांची सही दोन्ही चेहऱ्यांच्या नोटांवर आढळते. दुसरा टप्पा जानेवारी १९४६ चा. त्या महिन्याच्या १२ तारखेच्या वटहुकमानें पांचशें, हजार व दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. सुमारें १४४ कोटी रुपयांच्या अशा नोटांपैकीं सुमारें १३५ कोटींच्या बदलून घेण्यांत आल्या व नऊ कोटींच्या परत आल्याच नाहींत. भारी किंमतीच्या जुन्या नोटा आज जेथें कोठें आढळतात, तेथें त्या या नऊ कोटींतील शिल्लक समजावयाच्या. जें चलन म्हणून बुडालें, तेंच संग्रह म्हणून तरलें.

तिसरा टप्पा सर्वांत मननीय. १९४७ मध्यें देश विभागला गेला, परंतु पाकिस्तानास स्वतःची बँक नव्हती. ठरावाप्रमाणें रिझर्व्ह बँकच ३० जून १९४८ पर्यंत तिकडील चलनाचा कारभार पाहत होती. १ एप्रिल १९४८ पासून तेथें ज्या नोटा निघाल्या, त्या नाशिकास छापलेल्या होत्या. षष्ठ जॉर्जच्याच नोटांवर इंग्रजी व उर्दू अक्षरांत पाकिस्तान सरकारचें नांव वर छापलें होतें, आणि खालीं सही देशमुखांची होती. कराचीच्या बाजारांतील नव्या राष्ट्राच्या पहिल्या नोटेवर कुलाबा जिल्ह्यांतल्या मराठी गृहस्थाची सही असावी, ही गोष्ट फाळणीच्या इतिहासाच्या ग्रंथांत शोधून सांपडणार नाहीं. ती नोटच सांगते. एका कागदावर इंग्लंडचा राजा, पाकिस्तानचें सरकार, नाशिकचा छापखाना व नात्याचे देशमुख एकत्र आले आहेत. अशी नोट ही केवळ हौसेची वस्तु नव्हे. ती इतिहासाचें अस्सल साधन होय.

पुढें देशमुख राजकारणांत आले. १९५० मध्यें ते अर्थमंत्री झाले, १९५२ मध्यें कुलाब्यांतून लोकसभेवर निवडून गेले, आणि १९५६ मध्यें मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीं मंत्रिपदाचा त्याग केला. महाराष्ट्रानें तो त्याग विसरलेला नाहीं. म्हणून त्यांच्या सहीच्या नोटेस इकडील संग्राहक जो मान देतात तो नोटेच्या दुर्मिळतेहून निराळा आहे. दोन रुपयांची व दहा रुपयांची त्यांची नोट फारशी दुर्मिळही नाहीं. मात्र ती सही गव्हर्नर देशमुखांची आहे, अर्थमंत्री देशमुखांची नव्हे, हा विवेक सुटतां कामा नये.

(४)

कारण अर्थमंत्र्याची सही आपल्या नोटेवर नसतेच. एक रुपयाची नोट सरकारची, तिच्यावर अर्थसचिवाची सही. इतर नोटा बँकेच्या, त्यांवर गव्हर्नरची सही. १९४९ च्या नव्या एक रुपयाच्या नोटेवर के. आर. के. मेनन यांची सही आहे. त्यांच्यानंतर के. जी. आंबेगावकर यांची आली. देशमुख अर्थमंत्री असतांना एक रुपयाच्या नोटेवर सही आंबेगावकरांची, असा मराठी योग त्या कालखंडांत जुळून आला होता. हेच आंबेगावकर १९५७ च्या आरंभीं सुमारें दीड महिना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. पण गव्हर्नर या नात्यानें त्यांनीं एकाही नोटेवर सही केली नाहीं. त्याच्या उलट भा. ना. आडारकर १९७० मध्यें अवघे बेचाळीस दिवस गव्हर्नर होते, तरी गांधी-जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आली. अधिकाराची मुदत व सहीचें अस्तित्व यांचें प्रमाण सारखें नसतें, हें या दोन उदाहरणांनीं स्पष्ट व्हावें.

राजकीय दृष्ट्या विशेष नोटा दोघांच्या. एच. एम. पटेल यांनीं अर्थसचिव म्हणून एक रुपयाच्या नोटेवर सही केली. पुढें ते अर्थमंत्री असतांना १६ जानेवारी १९७८ रोजीं हजार, पांच हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. डॉ. मनमोहन सिंग यांची सही अर्थसचिव म्हणून एक रुपयाच्या नोटेवर आहे, आणि १९८२ ते १९८५ या काळांतील गव्हर्नर म्हणून बँकेच्या नोटांवरही आहे. ते २००४ मध्यें पंतप्रधान झाले. सहीच्या लिपीचा बदलही येथेंच नोंदवितों : गव्हर्नरची हिंदी सही प्रथम एल. के. झा यांच्या कारकीर्दींत, १९६९ च्या सुमारास, नोटेवर आली.

(५)

मराठवाड्याच्या घरांतून निघणाऱ्या नोटांचा विचार वेगळा केला पाहिजे. निजाम सरकारनें १९१८ पासून स्वतःच्या नोटा काढल्या व नाशिकचा छापखाना झाल्यावर त्या नाशिकासच छापल्या जाऊं लागल्या. उर्दू मजकुराबरोबर मराठी, तेलुगु व कानडी या भाषांतही त्यांवर किंमत दिलेली असे. राज्यांतील प्रजेची भाषा कोणती, याची ती कबुलीच होती. या नोटांवर अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असे. हैदर नवाज जंग, म्हणजे सर अकबर हैदरी, यांची सही त्यांत आहे. ते पुढें हैदराबादचे पंतप्रधान झाले. गुलाम महंमद यांची आहे. ते १९५१ मध्यें पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. आणि १९४८ च्या पोलिस कारवाईनंतरच्या नोटांत डॉ. जी. एस. मेलकोटे यांची सही आढळते. हे निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यांतले कार्यकर्ते. राजवट बदलली, सही बदलली, पण नोटेचा आराखडा जुनाच राहिला. छत्रपती संभाजीनगर, बीड, नांदेड, परभणी व धाराशिव या जिल्ह्यांतील जुन्या पेट्यांतून अशा नोटा निघाल्यास केवळ रद्दी म्हणून त्या टाकूं नयेत.

(६)

आतां हातच्या सहीकडे वळूं. नोटेवर थोरांच्या सह्या घेण्याची चाल दुसऱ्या महायुद्धांत फार फैलावली. समुद्रावरून विमानानें जाणारे अमेरिकन वैमानिक व सैनिक एकमेकांच्या नोटांवर सह्या करीत. ज्याच्याजवळ अशी नोट नसेल त्यानें इतरांस मद्य पाजावें, असा दंडक होता. एका देशाची नोट संपली म्हणजे दुसऱ्या देशाची तिला चिकटवीत. १९४३ च्या कॅसाब्लांका परिषदेच्या वेळच्या हॅरी हॉपकिन्स यांच्या अशा नोटेवर रूझवेल्ट व चर्चिल यांच्या सह्या आहेत. अशा नोटेची किंमत तिच्या मागच्या प्रवासाची असते.

आपल्याकडे महात्मा गांधींचें उदाहरण याच्या बरोबर उलट आहे. सही मागणाराकडून हरिजन फंडासाठीं पांच रुपये घेण्याचा त्यांचा प्रघात होता. नोट फंडांत जाई, सही मागणाराच्या वहींत राही. सहीनें नोटेची किंमत वाढवावी असें नसून, नोटेनें सहीचें ऋण फेडून हरिजनांच्या कामीं यावें, असा तो व्यवहार होता. तेव्हां गांधींच्या हातची म्हणून दाखविली जाणारी सही नोटेवर आढळल्यास, ती तेथें कशी आली हें विचारण्याचा अधिकार संशोधकास आहे.

अशा सह्यांच्या पारखीचे कांहीं नियम आम्ही येथें देतों. पहिला नियम सनावळीचा. नोट निघाली त्या दिवसापूर्वीं तिच्यावर सही होऊं शकत नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं निवर्तले. म्हणून एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही असणें अशक्य. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं गेले. १९१७ च्या एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही असूं शकेल, १९२३ नंतरच्या बादशाही मुखवट्याच्या दहाच्या नोटेवर नाहीं. गांधींचा अंत ३० जानेवारी १९४८ रोजीं झाला. अशोकस्तंभाच्या नोटेवरील त्यांची सही बनावटच. 'रुपयाचा प्रश्न' या विषयावर १९२३ मध्यें ग्रंथ लिहिणारे डॉ. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजीं गेले; शंभर नव्या पैशांचा उल्लेख असलेल्या नोटेवर त्यांची सही संभवत नाहीं, कारण तें चलन १९५७ चें.

दुसरा नियम शाईचा. बॉलपेन बाजारांत आलें तें १९४५ नंतर; त्यापूर्वीं वारलेल्या पुरुषाची तसल्या शाईची सही पाहून पुढें विचार करण्याचें कारण उरत नाहीं. तिसरा नियम थरांचा. सही घडीवरून गेली असेल तर शाई घडीच्या चिरेंत शिरली आहे कीं चिरेपूर्वींच बसली आहे, हें भिंगाखालीं पाहावें. नोट वर्षानुवर्षें हाताळून मळली आणि तिच्यावरची शाई मात्र कोरी, हें विसंगत आहे. चौथा नियम वळणाचा. त्याच पुरुषाच्या त्याच काळच्या निर्विवाद पत्राशीं सही ताडावी. दहा वर्षें आधींच्या किंवा नंतरच्या पत्राशीं नव्हे. पांचवा नियम परंपरेचा, आणि तो आमच्या मतें सर्वांत मोठा. सही कोणी, कोठें, कोणत्या प्रसंगीं घेतली व तेथून ती नोट कोणाकोणाच्या हातीं गेली, याचा समकालीन लेखी पुरावा हवा. कुळकथा पुरावा होत नाहीं. राजवाड्यांनीं कागद मिळाला त्या गांवाचें व घराचें नांव प्रत्येक वेळीं नोंदविलें, तें याचसाठीं.

(७)

कायद्याचीही बाजू आहे. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट-परतावा नियमांप्रमाणें राजकीय वा धार्मिक आशय सांगणारा मजकूर लिहिलेली नोट बदलून मिळण्याचा हक्क नाकारला जातो, आणि नोटांवर कांहीं लिहूं नये अशी बँकेची लोकांस सूचना आहे. नुसत्या सहीस मजकूर म्हणावें काय हा वाद घालण्यापेक्षां चालू नोटेवर सही मागूंच नये, हें बरें. नोव्हेंबर २०१६ मध्यें रद्द झालेल्या पांचशें व हजारांच्या नोटांसंबंधींचा २०१७ चा कायदा तर संग्राहकानें तोंडपाठ करावा : कोणीही दहापेक्षां अधिक, व अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठीं पंचवीसपेक्षां अधिक, अशा नोटा बाळगूं नयेत. इतिहासाभ्यासासाठीं कायद्यानें पंधरा नोटांची सवलत राखली, ही गोष्ट लहान असली तरी तिचा अर्थ लहान नाहीं.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत हिंजवडी हें म्हातोबाचें गांव आहे. चैत्री पौर्णिमेस तेथें बगाड निघतें, आणि त्याच शिवारांत संगणक-उद्योगाच्या मोठ्या इमारती उभ्या आहेत. तेथील भाजीवाल्यासही आज पैसे भ्रमणध्वनीवरून पोंचतात. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यानें अंकीय सहीस मान्यता दिली आहे, आणि ती सही कोणाच्या अक्षराची नसते. त्या गांवीं नोकरीस आलेल्या तरुणांच्या मूळ घरीं, कोंकणांत, वऱ्हाडांत, मराठवाड्यांत, आजोबांच्या पेटींत अद्याप देशमुखांची दोन रुपयांची नोट असेल, निजामाची असेल, कदाचित् एखाद्या सभेनंतर घेतलेल्या हातच्या सहीचीही असेल. कागदाचें चलन हातांतून जात असतां त्या पेट्या उघडण्याची वेळ हीच आहे. वीस वर्षांनीं नोट राहील, पण ती कोणाची व कोठून आली हें सांगणारें माणूस राहणार नाहीं.

म्हणून आमची विनंति इतकीच. नोट धुऊं नये, इस्त्री करूं नये, चिकटपट्टी लावूं नये, दोन प्लॅस्टिकच्या पडद्यांत कायमची बंद करूं नये. दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. क्रमांक, सही, घराण्याची हकीगत व सांगणाराचें वय वेगळ्या कागदावर लिहून तो नोटेबरोबर ठेवावा. विकावयाची असल्यास खुशाल विकावी, पण ही टिपणें तिच्यापासून तोडूं नयेत. छापील सही अधिकाराची साक्ष देते, हातची सही भेटीची. आणि टिपण हरवलें म्हणजे दोहोंपैकीं दुसरी साक्ष मुकी होते.